नाक्यावरचे गाणे

हैदराबाद-सिकंदराबाद या जोडशहरांच्या पूर्वेस तारनाका नावाची वस्ती आहे. निजामाच्या काळी तेथे मोठी बाग होती, तिच्याभोवती काटेरी तारेचे कुंपण होते आणि कुंपणापाशी पहाऱ्याचा नाका होता. त्या तारेवरून व नाक्यावरून हे नाव पडले, असे तेथे सांगतात. आज बाग नाही, तारही नाही. रहदारीने गजबजलेला चौक आहे, मेट्रोचे स्थानक आहे आणि त्याला लागून उस्मानिया विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. हे विद्यापीठ ज्या अडिकमेटच्या भूमीवर उभे आहे, ती एके काळी माहलका बाई चंदा या गायिका-कवयित्रीची जहागीर होती. स्वतःच्या उर्दू गझलांचा दिवाण सिद्ध करणाऱ्या आद्य स्त्रियांमध्ये तिची गणना होते. १८२४ मध्ये निवर्तलेल्या या कलावतीला निजामाच्या दरबारात मानाचे स्थान होते आणि राजकारणातही तिच्या शब्दाला वजन होते. एका गायिकेच्या जमिनीवर विद्यापीठ उभे राहावे आणि त्या विद्यापीठाच्या आवारातून पुढे राज्ये हलविणारी गाणी उठावीत, हा योगायोग असेल. पण तो मोठा बोलका योगायोग आहे.

तारनाक्याची ही हकीकत मांडवीच्या तीरावर बसून सांगण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. प्रयोजन आहे. कलावंताने राजकारणात पडू नये आणि राजकारण्याने कलेत नाक खुपसू नये, असे एक सोवळे मत आपल्याकडे वारंवार ऐकू येते. त्यातील दुसरा अर्धा भाग आम्हांला मान्य आहे; पहिला मान्य नाही. कारण राजकारणाची बीजे विधानसभेत पेरली जात नाहीत. तेथे फक्त पीक कापले जाते. बीज पडते ते बोलीत, गाण्यात, नाटकात, जत्रेत. ज्या समाजाच्या बोलीचा आणि गाण्याचा उपहास होतो, तो समाज आज ना उद्या राजकारणात उतरतो. उपहास करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते आणि विजयी झालेल्यांनाही एका कसोटीला उतरावे लागते. ज्या गाण्याने आपल्याला गादीवर बसविले त्या गाण्याला आपण मोकळे ठेवतो की दावणीला बांधतो, ही ती कसोटी. हैदराबादच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी लख्ख दिसतात.

आरंभ आपल्याच माणसांपासून करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. १९२१ च्या नोव्हेंबरात हैदराबाद संस्थानातील समाजसुधारणा परिषद विवेकवर्धिनी या मराठी मंडळींनी उभारलेल्या संस्थेत भरली होती. अध्यक्षस्थानी साक्षात महर्षी धोंडो केशव कर्वे होते. इंग्रजीत, उर्दूत, मराठीत भाषणे झाली. श्रोत्यांनी ती निमूटपणे ऐकली. मग अलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूत बोलावयास उभे राहिले. संस्थानातील बहुसंख्य प्रजेची ती भाषा. पण सभागृहात हशा पिकला, टाळ्या पिटून त्यांना बोलू देण्यात आले नाही. सुधारणेच्या सभेत घडलेला हा प्रकार! अपमानित झालेल्या मूठभर तेलुगू मंडळींनी त्याच रात्री एकत्र जमून आंध्र जनसंघाची स्थापना केली. त्याचेच पुढे आंध्र महासभेत रूपांतर झाले. १९३० मध्ये जोगीपेठ येथे भरलेल्या तिच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते सुरवरम प्रताप रेड्डी. पुढील दीड दशकात याच महासभेच्या छायेत तेलंगणातील शेतकरी संघटित झाला आणि त्याने जहागीरदारी हादरवून सोडली. श्रोत्यांच्या हशातून एवढे मोठे वादळ उठेल, हे त्या दिवशी सभागृहात बसलेल्या कोणाही शहाण्याला सुचले नसेल.

याच प्रताप रेड्डी यांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेलंगणात कवी नाहीतच, असा शेरा एका पंडिताने मारला. रेड्डी यांनी त्याला उत्तर म्हणून लेख लिहिला नाही की सभा घेतली नाही. त्यांनी गावोगावचे कवी धुंडाळले आणि १९३४ मध्ये साडेतीनशेहून अधिक कवींच्या रचनांचा ‘गोलकोंडा कवुल संचिका’ हा संग्रह छापून समोर ठेवला. मानहानीला असे उत्तर देणारा समाज पुढे राज्य मागतो तेव्हा ती मागणी नुसत्या सत्तालोभातून आलेली नसते.

१९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी घालण्यात आली. विद्यार्थ्यांनी ते म्हटले. शेकडो मुलांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. औरंगाबादच्या महाविद्यालयातील मराठी मुलेही या लढ्यात होती. या निर्वासित विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला, कुलगुरू टी. जे. केदार यांनी दाखविलेले ते औदार्य मराठी मुलखाने अभिमानाने सांगावे असे आहे. वारंगळहून अशाच रीतीने बाहेर पडून नागपुरास आलेला एक तेलुगू तरुण पुढे अस्खलित मराठी बोलू लागला आणि हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली. त्याचे नाव पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. १९९१ मध्ये ते भारताचे पंतप्रधान झाले. १९२१ च्या सभेत मराठी श्रोत्यांनी एक दार धाडकन लावले होते. १९३८ मध्ये नागपूरने दुसरे दार उघडले. दोन्ही गोष्टींची फळे इतिहासाने ज्याच्या त्याच्या पदरात टाकली.

संस्थान गेले, भाषावार प्रांतरचना झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तेलंगणा आंध्राशी जोडला गेला. भाषा एक झाली म्हणजे मने एक होतील, असा त्या काळचा भाबडा विश्वास होता. पण भाषा एक असली तरी बोली दोन होत्या. किनारपट्टीची तेलुगू ही शिष्टांची, पाठ्यपुस्तकांची आणि चित्रपटनायकाची. तेलंगणाची उर्दू-मराठीचे पाणी प्यालेली बोली ही विदूषकाची आणि खलनायकाची. वर्षानुवर्षे चित्रपटगृहाच्या अंधारात आपल्या आईच्या बोलीवर पिकणारा हशा तेलंगणातील मुले ऐकत राहिली. नोकऱ्या, पाणी आणि निधी यांचे अन्याय होतेच, त्यांचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. १९६९ चे आंदोलन प्रामुख्याने त्यांवरूनच पेटले आणि गोळीबारात कित्येक विद्यार्थी बळी पडले. पण आकडेवारीने माणूस चिडतो, उपहासाने पेटतो. विवेकवर्धिनीतील हशा आणि चित्रपटगृहातील हशा यांचे गोत्र एकच.

म्हणूनच या शतकाच्या आरंभी वेगळ्या तेलंगणाची चळवळ पुन्हा उठली तेव्हा तिच्या अग्रभागी पुढाऱ्यांपेक्षा गायक होते. खांद्यावर घोंगडी, पायांत घुंगरू, हातात डफ अशा वेशात ते गावोगाव फिरले. ‘धूम धाम’ नावाने होणाऱ्या त्या रात्रभरच्या जलशांत अडाणी समजल्या गेलेल्या बोलीला प्रथमच व्यासपीठ मिळाले. अश्विनात फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती फेर धरणाऱ्या बायकांचा बतुकम्मा हा सण आपल्या भोंडल्याचा आणि धालोचा सख्खा भाऊबंद. तोही चळवळीचे निशाण बनला. २००९ च्या अखेरीस आंदोलन शिगेला पोहोचले तेव्हा तारनाक्यावर पोलिसांचे कडे पडले होते आणि आत विद्यापीठाच्या कला महाविद्यालयापुढे गाणी चालू होती. ९ डिसेंबर २००९ च्या रात्री केंद्राला राज्यनिर्मितीची प्रक्रिया सुरू करण्याची घोषणा करावी लागली, आणि २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य अस्तित्वात आले. जुन्या कुंपणाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाक्यावर गाणे काही अडले नाही.

येथे थांबलो तर हा अग्रलेख नव्हे, आरती होईल. गाण्याच्या शक्तीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या चळवळीत कोवळ्या वयाच्या मुलांनी स्वतःला जाळून घेतले. त्यांच्या हौतात्म्यावर गाणी रचली गेली आणि ती गाणी ऐकून आणखी मुले त्या वाटेने गेली नसतील, असे छातीठोकपणे कोण म्हणू शकेल? १० मार्च २०११ रोजी हुसेनसागराच्या बांधावर जमलेल्या जमावाने तेथील तेलुगू थोरांचे पुतळे फोडले. फुटलेल्या पुतळ्यांत संतकवी अन्नमाचार्य होते, क्रांतिकवी श्री श्री होते आणि अस्पृश्यतेचे चटके सोसून काव्य लिहिणारे जाषुवाही होते. ज्यांची स्वतःची बोली हिणवली गेली त्यांनीच दुसऱ्यांचे कवी पाण्यात लोटावेत, यापरते दुर्दैव कोणते? अस्मितेचे गाणे जोवर ‘आम्ही आहोत’ असे म्हणते तोवर ते गाणे असते. ‘तुम्ही नकोत’ असे म्हणू लागले की ती आरोळी होते. ही सीमारेषा सांभाळणे हे पुढाऱ्याचे काम खरेच, पण त्याआधी ते गाणाऱ्याचे काम आहे.

आता विजयानंतरचे पाहू. आयुष्यात शाळेची पायरी न चढलेल्या, गुरे राखलेल्या, गवंडीकाम केलेल्या अंदेश्री या कवीने तेलंगणाचे गौरवगीत लिहिले. चळवळीच्या काळात ते सभासभांतून आणि शाळाशाळांतून गायिले गेले. राज्य आल्यावर ते राज्यगीत होणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात चळवळीचे नेतृत्व करणाऱ्या पक्षाचे सरकार जवळजवळ दहा वर्षे गादीवर होते, पण ते गीत अधिकृत झाले नाही. सरकार बदलले तेव्हा, २०२४ मध्ये, नव्या राज्यकर्त्यांनी त्याला तो मान दिला. तेव्हाही संगीतकार आंध्रचा का, म्हणून नवा वाद माजला. अंदेश्री २०२५ च्या नोव्हेंबरात निवर्तले. निदान आपले गीत राज्याचे झालेले त्यांना पाहता आले, एवढेच समाधान. गरज सरो आणि वैद्य मरो ही म्हण कवींच्या बाबतीत राज्यकर्ते किती निष्ठेने पाळतात, याचा हा दाखला आहे.

गद्दर यांची कथा याहून विलक्षण. गुम्मडी विठ्ठलराव हे त्यांचे मूळ नाव. गदर पक्षाच्या स्मरणार्थ त्यांनी हे टोपणनाव घेतले. नक्षलवादी चळवळीसाठी ते गायिले, भूमिगत राहिले. १९९७ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांतील एक गोळी अखेरपर्यंत त्यांच्या शरीरात राहिली. त्यांनी ज्या सशस्त्र मार्गाचे गुणगान केले त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. त्या मार्गाने किती गरीब शिपायांची आणि गावकऱ्यांची घरे उजाड झाली, हे विसरता येत नाही. ते स्वतःही पुढे त्या मार्गापासून दूर झाले आणि राज्यघटनेच्या बाजूने बोलू लागले. २०१८ मध्ये त्यांनी आयुष्यात प्रथमच मतदान केले. ६ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले तेव्हा ज्या शासनयंत्रणेने त्यांच्यावर पाळत ठेवली होती तिनेच त्यांना मानवंदना दिली. आता राज्याचे चित्रपट पुरस्कार त्यांच्या नावाने दिले जातात. जिवंत गायकाची धास्ती वाटते. मेलेल्याचा हार करून गळ्यात घालता येतो.

चळवळीतील शेकडो गायकांना नव्या राज्याने सांस्कृतिक खात्यात पगारी नेमले. पोटाला अन्न मिळाले, हे चांगलेच झाले; कलावंताने उपाशी मरावे असे म्हणणारा मनुष्य स्वतः जेवून बसलेला असतो. पण सरकारी योजनांची गाणी गाण्यासाठी पगार घेणारा गायक उद्या त्याच सरकारच्या एखाद्या अन्यायावर डफ वाजवू शकेल काय? खाल्ल्या मिठाला जागावे, अशी आपली शिकवण आहे. म्हणूनच मीठ कोणाच्या हातून खावे, हा प्रश्न कलावंताला टाळता येत नाही.

हे केवळ तेलंगणातच घडते, अशा भ्रमात आपण राहू नये. संयुक्त महाराष्ट्राचा लढा अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्या शाहिरीशिवाय कल्पिताच येत नाही. मराठी राज्य आले, मंगलकलश आला. अण्णाभाऊ मात्र १९६९ मध्ये विपन्नावस्थेत वारले. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले ते २००२ साली. गावोगावच्या चौकांत आज त्यांचे पुतळे आहेत. ते जिवंत असताना त्यांतल्या एका पुतळ्याच्या खर्चाएवढी जरी आस्था दाखविली गेली असती तर?

आणि आपला गोमंतक? येथेही राजकारणाच्या आधी कला चालली. परकी राजवटीत लिहिण्या-बोलण्यावर सेन्सॉरचा पहारा होता, तेव्हा देवळांच्या प्राकारांत उभ्या राहिलेल्या मराठी नाटकांनी, कीर्तनांनी आणि भजनांनी हिंदू समाजाचा आपल्या भाषेशी असलेला धागा तुटू दिला नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या देवळांच्या सेवेत गायन जपले आणि त्याबद्दल मानाऐवजी अवहेलनाच सोसली, त्याच समाजाने केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दिल्या. आणि १९६३ मध्ये गोव्याचा पहिला मुख्यमंत्री, दयानंद बांदोडकर, हेही त्याच समाजाचे सुपुत्र होते. उपहासिलेल्या समाजाची शक्ती शेवटी कोठे प्रकट होते, हे पाहण्यासाठी हैदराबादेस जाण्याचीही गरज नाही.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. एका बाजूस मनोहरराय सरदेसाई यांची कविता आणि उल्हास बुयांव यांचा खडा आवाज होता. दुसऱ्या बाजूस संत, नाटककार आणि ग्रंथ यांनी घडविलेले मराठी मन होते. कोण जिंकले, कोण हरले, याची उजळणी करण्याचे आज कारण नाही. दोन्ही बाजूंची माणसे पैशाने नव्हे तर आपल्या गाण्याने मतपेटीपर्यंत गेली, हे आज अधिक आठवण्यासारखे आहे. पण पुढे भाषेच्या वादात आपण तीच चूक केली जी १९२१ मध्ये विवेकवर्धिनीतील श्रोत्यांनी केली होती. कोकणीला ‘नुसती बोली’ म्हणून हिणवणारे मराठीप्रेमी निघाले आणि शतकानुशतके गोव्याच्या देवघरात नांदणाऱ्या मराठीला ‘परकी’ म्हणून हिणवणारे कोकणीप्रेमीही निघाले. १९८६ मध्ये याच वादात येथे रक्त सांडले. १९८७ चा राजभाषा कायदा झाला, घटक राज्याचा दर्जा मिळाला, पण हिणवण्याची ती सवय अजून पुरती गेलेली नाही. ती ज्याची त्याने आपल्या घरापासून टाकावी.

राहिला प्रश्न सत्ता आणि कला यांच्या नात्याचा. १९७० मध्ये स्थापन झालेली कला अकादमी आणि चार्ल्स कुरय्या यांनी कांपाल येथे मांडवीकाठी घडविलेली तिची वास्तू हे गोव्याचे भूषण. नूतनीकरण चालू असताना २०२३ च्या जुलैत तेथील खुल्या रंगमंचावरील छप्पर कोसळले. छप्पर कोसळल्याचे दुःख मोठेच. पण त्याहून बोधप्रद गोष्ट अशी की, जाब विचारायला प्रथम रंगकर्मी पुढे आले. पक्षभेद, भाषाभेद बाजूला ठेवून नाटकवाले आणि तियात्रवाले, गायक आणि वास्तुविशारद एका सुरात बोलले आणि सरकारला त्यांच्यापुढे चर्चेस बसावे लागले. सार्वजनिक जीवन कलेने घडते ते असे. मंत्र्याच्या सत्कारसमारंभात ईशस्तवन म्हटल्याने ते घडत नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. कलेला सरकारी साहाय्य जरूर मिळावे, पण ते वाटणारा हात मंत्र्याचा नसावा. अकादमीचे अध्यक्षपद हे सत्तेच्या वाटपातील एक खाते न समजता ते कलावंताकडे असावे, आणि अनुदान मागणाऱ्या मंडळाने मागल्या वर्षी कोणावर टीका केली, हे तेथे विचारले जाऊ नये. तियात्राच्या कांतारात मंत्र्याची टोपी उडवली जाते, तेव्हा मंत्र्याने हसण्याची सवय करावी. लोकांनी आपल्याविषयी काय ठरविले आहे, हे निकालाआधी कळण्याचे ते सर्वांत स्वस्त साधन आहे. आणि जत्रेतल्या नाटकाला देणगी देणाऱ्या उमेदवाराने संहितेवर हक्क सांगू नये. त्याने पहिल्या रांगेत बसावे आणि पडदा पडेपर्यंत गप्प राहावे.

वाचकांचेही एक कर्तव्य आहे. निवडणुका जवळ आल्या की गाण्यांचा पूर येतो; त्यातील कोणते गाणे लोकांचे आणि कोणते मोबदल्याचे, हे ओळखण्याचा कान आपणच तयार केला पाहिजे. आपल्या गावच्या रंगमंचाकडे जो पाठ फिरवतो, त्याच्या कानावर मग फक्त ध्वनिक्षेपकावरची गाणी येतात. आणि शेजाऱ्याची बोली कानी पडली की ओठांवर येणारे हसू आवरून धरावे. शंभर वर्षांपूर्वीच्या एका हशाचा हिशेब हैदराबादने कसा चुकता केला, हे आपण पाहिले.

तारनाक्यावर एके काळी तार होती. बागेतील फळांचे रक्षण करण्यापुरती ती ठीकच होती. पण फळांना कुंपण घालता येते, त्यांच्या सुगंधाला नाही. ज्या राज्यकर्त्यांना हे उमगते त्यांच्या नाक्यावर गाणे अडत नाही. आणि ज्यांना ते उमगत नाही, त्यांचा नाका राहत नाही, नुसते नाव राहते.